फाइल वाचताना मागच्या ओळींकडे कसे जावे?

प्रश्न : पायथनमध्ये मी सर्व्हरची लॉग फाइल ओळीओळीने वाचतो. ‘एरर’ हा शब्द असलेली ओळ आली, की तिच्या आधीच्या तीन ओळीही छापायच्या असतात. नोंदींमध्ये मराठी मजकूर आहे. ‘सीक’ने (फाइलमधील वाचण्याची जागा बदलणाऱ्या आज्ञेने) मागे गेल्यास कधी ओळ तुटलेली मिळते, तर कधी प्रोग्रॅमच थांबतो. काय करावे? – एक वाचक

उत्तर : आपल्या कामासाठी मागे जाण्याची गरजच नाही. पुढे वाचता वाचताच शेवटच्या तीन ओळी हाताशी ठेवाव्यात. त्यासाठी ‘कलेक्शन्स’ मॉड्यूलमधील ‘डेक’ (दोन्ही टोकांना घालता-काढता येणारी यादी) घेऊन त्याची ‘मॅक्सलेन’ (कमाल लांबी) 3 ठेवावी. चौथी ओळ आत आली, की सर्वांत जुनी आपोआप गळते. मात्र शब्द सापडल्यावर आधी डेकमधील ओळी छापाव्यात आणि मगच चालू ओळ त्यात घालावी. क्रम उलटला, तर आधीच्या दोनच ओळी हाती लागतील. फाइल कितीही मोठी असली, तरी डेकमध्ये तीनच ओळी राहतात, म्हणून ‘रीडलाइन्स’ने सगळी फाइल एकदम उचलण्यापेक्षा हा मार्ग मला निश्चितच सरस वाटतो.

आता ‘सीक’ का फसते ते पाहू. फाइलमध्ये ओळींची कोणतीही यादी नसते. एकामागोमाग बाइट असतात आणि ओळ संपली, की 10 या मूल्याचा बाइट येतो. शिवाय यूटीएफ-8 या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी 5 चिन्हे, म्हणजे 15 बाइट होतात. त्यामुळे अक्षरे मोजून तेवढेच मागे सरकल्यास आपण भलत्याच जागी, कदाचित एखाद्या चिन्हाच्या मध्येच, जाऊन पडतो.

खरोखरच बरेच मागे परतायचे असेल, तर प्रत्येक ओळ वाचण्यापूर्वी ‘टेल’ने मिळणारी फाइलमधील चालू जागा यादीत नोंदवावी आणि ‘सीक’ला तीच द्यावी. टेक्स्ट मोडमध्ये (फाइल बाइटऐवजी मजकूर म्हणून उघडल्यास) चालू जागेपासून अमुक इतके मागे जाणे पायथन 3 मान्य करत नाही. ‘फॉर’ लूप फाइलवर चालू असताना ‘टेल’ विचारल्यासही ‘ओएसएरर’ ही त्रुटी येते, म्हणून तेथे ‘व्हाइल’ आणि ‘रीडलाइन’ वापरावे. रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) मिळाली, की फाइल संपली असे समजावे. फाइलमधील कोऱ्या ओळीत निदान ओळ संपल्याची खूण तरी असते.