खेळायचंच असेल तर हिशेब आधी मांड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

कामावरून आल्यावर अधूनमधून ऑनलाइन स्लॉट (चित्रं फिरवणारं जुगाराचं यंत्र) आणि रूलेट (आकड्यांचं फिरतं चाक) खेळतोस, हे तू परवा फोनवर मोकळेपणाने सांगितलंस. बेताने कसं खेळायचं, असंही विचारलंस. 'खेळू नकोस' एवढं बोलून मला फोन ठेवता आला असता. पण इथे इंग्लंडमध्ये तुझ्या वयाला ते कायदेशीर आहे, आणि लपवून खेळणाऱ्यापेक्षा विचारून खेळणारा मुलगा मला केव्हाही बरा वाटतो. कर्जात अडकलेल्या लोकांना सल्ला देण्याचं माझं काम तुला ठाऊक आहेच. खाली लिहिलंय ते त्या कामात समोर बसून पाहिलेलं आहे.

थांबायचं कधी, हे खेळ सुरू असताना ठरवता येत नाही. लोक माझ्यासमोर बँकेचं ॲप उघडून ठेवतात. पगाराची रात्र, १० पौंड. थोड्या वेळाने पुन्हा १०. मग २०, २०, ५०, आणि पहाटे पहाटे १००. रकमा वाढत जातात आणि दोन नोंदींमधली वेळ कमी होत जाते. पहिले १० टाकणारा माणूस शांत डोक्याने बसलेला असतो. १०० टाकताना त्याला फक्त गेलेले पैसे दिसत असतात. म्हणून सगळे निर्णय त्या शांत डोक्याच्या माणसानेच घ्यायचे, आणि तेही रविवारी सकाळी चहा घेताना.

आता रक्कम. भाडं, काउन्सिल टॅक्स, किराणा, घरी पाठवायचे पैसे, थोडी शिल्लक, हे सगळं बाजूला काढल्यावर मौजेसाठी जे उरतं, त्यातलाच एक तुकडा. समज, महिन्याला २० पौंड. जत्रेत पाळण्यात बसताना तिकिटाचे पैसे परत येतील असं कुणी धरत नाही, तसे हे २० गेले असंच धरायचं. वापरले नाहीत तर पुढच्या महिन्यात जोडायचे नाहीत. जिंकलास तर रक्कम लगेच खात्यावर काढून घे. काढायला टाकलेले पैसे मध्येच फिरवून पुन्हा खेळता येऊ नयेत असा इथे नियम आहे, त्याचा फायदा घे.

रकमेइतकाच वेगाचाही हिशेब कर, तो फारसं कुणी करत नाही. पंचविशीच्या आतल्यांना ऑनलाइन स्लॉटवर एका स्पिनला, म्हणजे एकदा फिरवण्याला, २ पौंडांच्या वर लावता येत नाहीत. हा नियम मे २०२५ पासूनचा. दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जावे लागतात. ऐकायला हे सुरक्षित वाटतं. पण अडीच सेकंदांना एक म्हणजे तासाला १४४० स्पिन, २ पौंडांनी २८८० पौंडांची उलाढाल. यंत्र लावलेल्या पैशांतले सरासरी ९६ टक्के परत देणारं असलं तरी सरासरी ११५ पौंड तासाभरात गेले, आणि कायद्याची एकही रेघ ओलांडली नाही! तोच खेळ २० पेन्सने, मिनिटाला आठ स्पिन अशा संथ चालीने खेळलास तर तासाला सरासरी जेमतेम ४ पौंड जातात. अर्थात ही सरासरी आहे. एखाद्या संध्याकाळी सगळेच्या सगळे जातील. तेव्हा कायद्याची मर्यादा ही तुझी मर्यादा समजू नकोस.

रूलेटवर हरल्यावर दुप्पट लावत जायची 'सिस्टीम' कुणी शिकवली तर कागद-पेन घे. ५, १०, २०, ४०, ८०, १६०. लागोपाठ सहा वेळा हरलास की ३१५ पौंड गेले, आणि सातव्यांदा ३२० लावायचे ते मूळचे ५ कमवण्यासाठी. एका शून्याच्या चाकावर लाल-काळं खेळताना ५ पौंडांपासून नव्याने सुरू केलेल्या साधारण ५५ फेऱ्यांत एकदा अशी सहा हारींची माळ लागते. आठवड्याला दोन-चारदा खेळणाऱ्याला ती गाठणारच.

ठरवलेलं मनात ठेवू नकोस, साइटवर आणि बँकेत लावून टाक. साइटच्या खात्यात डिपॉझिट लिमिट, म्हणजे महिन्याला पैसे भरायची मर्यादा, २० पौंड लाव. लिमिट कमी केलं की लगेच लागू होतं, वाढवायला मात्र किमान २४ तास थांबावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याला हवंय. हे लिमिट त्या एका खात्यापुरतं असतं, म्हणून खातंही एकच ठेव. दुसऱ्या साइटने बोनस देऊ केला तरी नाही म्हण. पगार जमा होतो त्या खात्याला बँकेच्या ॲपमधून जुगाराचा ब्लॉक लाव आणि खेळासाठी वेगळं कार्ड ठेव. क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर इथे एप्रिल २०२० पासून बंदी आहे. मग मित्राकडून उसने घेऊन खेळणं हाही त्याच वाटेचा प्रकार आहे, हे लक्षात असू दे. आणि पुढे घरासाठी कर्ज मागशील तेव्हा बँक स्टेटमेंट बघते, त्यात या नोंदीही दिसतात.

वेळ पाऊण तास, गजर लावून. अंथरुणात नको, बिअर घेतल्यावर नको, घरी फोनवर वाद झाल्यावर तर मुळीच नको. परदेशातला एकटेपणा मला माहीत आहे. तो घालवायला स्लॉट उघडू नकोस, मला फोन कर. उशीर झाला असला तरी कर.

आयपीएल सुरू झाली की गावाकडचा एखादा मित्र व्हॉट्सॲपवर 'आयडी घे' म्हणेल, म्हणजे बेकायदा सट्ट्याच्या साइटवर बुकीकडून खातं घे. तिथे हात घालायचा नाही, यात चर्चा नाही. ना लिमिट, ना तक्रारीला जागा, वर उधारीचा खेळ. आणि वसुलीला माणसं तुझ्याकडे नाही, आईच्या दारात जातील. इथे खेळायचं ते गॅम्बलिंग कमिशनचा, म्हणजे जुगारावर देखरेख करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचा, परवाना असलेल्याच साइटवर. पानाच्या तळाशी परवाना क्रमांक असतो, तो कमिशनच्या यादीत ताडून बघ. सुट्टीत पुण्याला गेलास की खेळ बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

लिमिट वाढवायची विनंती टाकलीस, रक्कम कुणापासून लपवलीस किंवा गेलेले भरून काढायला बसलास, तर बेताने खेळण्याचा विषय संपला. तेव्हा गॅमस्टॉप या स्वतःला जुगारापासून बंद करून घ्यायच्या सोयीवर नाव नोंदव. ते फुकट आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं निवडता येतात, आणि परवाना असलेल्या सगळ्या साइट तुला बंद होतात. मुदत संपायच्या आत ते मागे घेता येत नाही, म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटतो. बोलायचं असेल तर जुगारात अडकलेल्यांना मदत करणाऱ्या गॅमकेअर संस्थेची हेल्पलाइन आहे, ०८०८ ८०२० १३३, रात्रीही चालू असते.

येत्या रविवारी लिमिट आणि बँकेचा ब्लॉक, दोन्ही लावून मला कळव. ॲपमध्ये कुठे अडलास तर व्हिडिओ कॉल कर, दोघं मिळून लावू. आणि गेल्या तीन महिन्यांत एकूण किती टाकले आणि किती परत आले, तो आकडाही काढून ठेव. रागावणार नाही, पण तो बघितल्याशिवाय महिन्याचे २० योग्य की शून्य, हे मला सांगता येणार नाही.

तुझी,
मावशी