वडिलांना सीओपीडी आहे, दम लागला की मगच पंप घेतात. घरी रोजचं कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की बाबा बरं वाटलं की पंप कपाटात ठेवून देतात आणि आता चालणं पण बंद केलंय. मी स्वतः सीओपीडीची, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या फुफ्फुसाच्या आजाराची, पेशंट आहे, बरीच वर्षं झाली, म्हणून पेशंटच्या बाजूने सांगते. (विडी-सिगरेट कधी ओढली नाही. लहानपणापासून चूल, लाकडं, शेण्या आणि खिडकी नसलेलं स्वयंपाकघर, त्याचं हे. आपल्याकडे कितीतरी बायकांना असंच होतं आणि निदान उशिरा होतं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.)

आधी पंपाचं, म्हणजे इनहेलरचं. सहसा दोन प्रकारची औषधं असतात आणि त्यातला फरक बाबांना स्वतःला कळला पाहिजे, फक्त तुम्हाला कळून उपयोग नाही. एक दम लागल्यावर घ्यायचं, बहुतेकांना सालब्युटामॉल असतं, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि चार-सहा तासांत असर संपतो. दुसरं रोजचं, बरं वाटत असलं तरी घ्यायचं, आणि ते घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही म्हणून माणूस तेच आधी सोडतो. वर शेजारीपाजारी सांगतात पंपाची सवय लागते, गोळी बरी. अहो सालब्युटामॉलच्या पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा आणि गोळी 2 नाहीतर 4 मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट औषध सगळ्या अंगात फिरवायचं, हात थरथरतात, छाती धडधडते ते वेगळंच. हा हिशोब बाबांना कागदावर मांडून दाखवा, मोठ्या माणसांना आकडे पटतात.

आणि घ्यायची पद्धत. दाबून फवारणारा पंप असेल तर हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता हळूहळू ओढायचा आणि जमेल तसा दहा सेकंद धरायचा. वय झालं की दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नाही, त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, लावावाच. कॅप्सूलची पावडर ओढायचं यंत्र असेल तर बरोबर उलट, जोरात आणि खोल ओढायचं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट पण असतात, तेव्हा बाबा नक्की काय करतात ते एकदा शेजारी बसून बघा आणि पुढच्या व्हिजिटला पंप सोबत नेऊन डॉक्टरांसमोर घ्यायला लावा. औषधात स्टेरॉईड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बाबांना त्यांचा नेहमीचा दिवस कसा असतो हे माहीत पाहिजे. किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं, कफाचा रंग काय, रात्री किती उशा लागतात. मी हे कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या चौकोनातच एका शब्दात लिहिते. दम नेहमीपेक्षा वाढला, कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, फोन करायचा. अशा वेळी काय घ्यायचं, किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, मिळतं.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजायचं ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहे पण त्याने घाबरायला जास्त होतं. प्रत्येकाचा नेहमीचा आकडा वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर आकडा 98 व्हावा म्हणून कुणीही परस्पर फ्लो वाढवू नका. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साईड साचतो आणि माणूस सुस्त पडतो, म्हणून त्यांच्यासाठी 88 ते 92 एवढंच टार्गेट ठेवतात. नातेवाईक प्रेमापोटी नॉब फिरवतात, मला याची फार भीती वाटते.

चालणं बंद करू देऊ नका, प्लीज. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसून पायांचे स्नायू जातात, मग उठून बाथरूमपर्यंत गेलं तरी दम. मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते असं की नाकाने श्वास घ्यायचा आणि चुलीला फुंकणी मारताना करतो तसे ओठ करून, पण अजिबात जोर न लावता, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायचा. चालताना दोन पावलं घ्यायचा, चार पावलं सोडायचा. फार घुसमटलं तर पुढे वाकून हात मांडीवर टेकून बसायचं आणि टेबलफॅन तोंडावर घ्यायचा, त्याने खरंच बरं वाटतं. आणि काळजीपोटी त्यांच्या हातातली कामं काढून घेऊ नका, भाजी बसून निवडू दे, अंघोळ स्टुलावर बसून करू दे, पण स्वतः करू दे.

घरात मच्छर कॉईल, धूप बंद, मिरचीची फोडणी असेल तेव्हा बाबा दुसऱ्या खोलीत. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाचीही विचारा. बाबा अजून ओढत असतील तर ते थांबवण्याइतका फायदा कुठल्याच औषधाने होणार नाही, पण ओरडून नाही सुटत, त्यासाठी पण औषधं आणि समुपदेशन मिळतं.

शेवटचं म्हणजे दमाचा पंप घेऊनही फरक नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा बाबा गुंगीत असंबद्ध बोलतायत, तर वाफ देत बसू नका, लगेच 108 लावा. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू दे.