कार्यक्रमाला व्हिडिओ पाठवण्याआधी पंचनाम्याचे बघा

भाऊ,

दूरचित्रवाणीवरील शनिवारच्या ग्राहक-तक्रारींच्या कार्यक्रमाचे रूप बदलल्यापासून येथे जी चर्चा रंगली आहे, तिच्या शेवटी आपण जरा संकोचानेच विचारले आहे की, चोपडा तालुक्यातील आपल्या वावरात कपाशीची उगवण निम्मीही झालेली नाही, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीचा माणूस उन्हाकडे बोट दाखवतो, तर शेताचा व्हिडिओ काढून कार्यक्रमाकडे पाठवावा काय. त्यावर बहुतेकांनी "जरूर पाठवा" एवढेच लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याही कपाशीत असाच खेळ झाला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी वकील नाही आणि कृषी खात्यातही नाही. जे लिहितो ते आमच्या जिल्ह्यातील अनुभवावरून आहे, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी जाणकाराला विचारून घ्यावे. बिल घ्यावे, पाकीट जपून ठेवावे, हे सांगत बसत नाही. आपण ते केले असणार.

आधी कार्यक्रमाविषयी, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते. जुना कार्यक्रम रटाळ होता, शाळेच्या तासासारखा वाटायचा, हे नव्या पिढीचे म्हणणे मला मान्य आहे. एक टेबल, एक निवेदिका, एक वकील आणि प्रेक्षकांच्या पत्रांचा गठ्ठा, एवढाच त्याचा थाट होता. परंतु त्यात ते वकील प्रेक्षकाचे बिल, नोटीस किंवा कंपनीचे पत्र पडद्यावर मोठे करून दाखवत आणि त्यातील कोणत्या ओळीवर दावा टिकेल व कोणत्या ओळीवर पडेल, हे पेन्सिलीने खूण करून सांगत. नव्या रूपात तो भागच गेला. आता टाळ्या वाजवणारे प्रेक्षक आहेत, मागे मोठा पडदा आहे आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष फोन लावण्याचा प्रसंग आहे. माझ्या सुनेला तो भाग फार आवडतो आणि तिच्या कुरिअरच्या तक्रारीसारख्या गोष्टींना तो उपयोगीही पडत असेल. येथे एका ताईंनी लिहिले की, आता निदान कोणीतरी आपल्या बाजूने मोठ्याने बोलते. त्या भावनेला मी हसणार नाही.

कॅमेऱ्याचा धाक खोटा नसतो. 1985 साली दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकर यांची 'रजनी' लागत असे, तेव्हा टॅक्सीचालकांवरील एका भागाने मुंबईचे टॅक्सीवाले निषेधासाठी रस्त्यावर उतरले होते. आणि ती तर निव्वळ मालिका होती. प्रश्न इतकाच आहे की, हा धाक कोणाला वाटतो. मोबाईल, वातानुकूलन यंत्र, विमानाचे तिकीट विकणाऱ्या कंपनीला वाटतो, कारण तिचा पुढचा ग्राहक तोच कार्यक्रम पाहत असतो. बियाण्याच्या तक्रारीत मात्र ज्या कागदावर सगळे अवलंबून असते तो कंपनीकडे नसून तालुक्याच्या ठिकाणच्या एका सरकारी टेबलावर असतो, आणि त्या टेबलाला फोन लावलेला मी अद्याप पाहिलेला नाही.

ज्या भागामुळे आपल्याला व्हिडिओ पाठवावासा वाटला, तो मीही पाहिला. आपल्याकडचाच एक शेतकरी "मना वावरमा बी उगनंच नही" असे सांगू लागला, तेव्हा निवेदकाने त्याचे वाक्य अर्ध्यात तोडून ते शुद्ध मराठीत स्वतःच सांगितले आणि कोणत्या तारखेला पेरले, हे जे तो सांगत होता ते त्यात गळून गेले. मग फोन लागला, पलीकडच्या साहेबांनी तितकी पाकिटे बदलून देण्याचे कबूल केले आणि टाळ्या झाल्या. भाऊ, जुलै सरत असताना कपाशीचे पाकीट बदलून मिळाले तर त्याचे करायचे काय? पेरणीची वेळ टळल्यावर मिळालेले बियाणे म्हणजे घरात पडून राहणारा माल. जमिनीची तयारी, पहिली पेरणी, नांग्या भरण्याची, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावण्याची मजुरी, दुबार पेरणीचे बियाणे, उशिरामुळे घटलेले उत्पन्न, यांतील एकही रक्कम त्या फोनमध्ये निघाली नाही. शिवाय अशी पाकिटे देताना "पूर्ण व अंतिम तडजोड झाली, तक्रार राहिली नाही" अशा मजकुरावर सही घेतली गेली, तर पुढे ग्राहक आयोगात तोच कागद आपल्याविरुद्ध दाखवला जातो. टाळ्यांच्या भरात अशी सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. येथील काही मंडळींना ते कडवट वाटेल.

आता त्या टेबलाविषयी, कारण माझे खरे नुकसान तेथे झाले. कार्यालय कोणते ते लिहीत नाही. तेथील माणसे बदलली असतील. उगवणीची तक्रार आली की तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीने प्रत्यक्ष शेतात येऊन पाहणी करायची आणि पंचनामा करून अहवाल द्यायचा, अशी पद्धत आहे. समितीत कृषी अधिकाऱ्यांबरोबर कृषी विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा तज्ज्ञ असतो आणि पाहणीच्या वेळी कंपनीचा व विक्रेत्याचा प्रतिनिधी हजर असणे अपेक्षित असते. मी अर्ज वेळेत दिला होता. लिपिकाने तो घेतला, टेबलावरील काचेखाली सरकवला आणि साहेब आल्यावर शिक्का मिळेल म्हणून सांगितले. साहेब दौऱ्यावर, मग बैठकीत, मग रजेवर. पोच मागितली की, "अर्ज इथेच आहे, पळून जातो का?" असे उत्तर मिळे. पाऊस मात्र कोणाच्या रजेसाठी थांबत नाही, त्यामुळे शेजारच्या सर्वांनी केली तशी मीही दुबार पेरणी केली.

समिती आली ती त्यानंतर. पाहणी बांधावरूनच झाली, कंपनीला निरोप गेलेला नव्हता, आणि मला पुढे बऱ्याच काळाने मिळालेल्या अहवालात लॉट क्रमांकाचा, म्हणजे बियाणे कोणत्या खेपेचे ते सांगणाऱ्या क्रमांकाचा रकाना चक्क कोरा होता. पाकिटावरचा टॅग मी त्यांच्या हातात दिला होता, तरी कोरा. खाली एक वाक्य होते, ते मला अजून पाठ आहे: "क्षेत्रात दुबार पेरणी झालेली असल्याने मूळ उगवणीची टक्केवारी निश्चित करता येत नाही." अर्जावर आवक क्रमांक पडला तो थेट पाहणीच्या दिवसाचा, म्हणजे कागदोपत्री मी आधी दुबार पेरणी केली आणि मग तक्रार केली, असे ठरले. आयोगासमोर कंपनीच्या वकिलांना फारसे बोलावेच लागले नाही. पंचनामा आमच्या माघारी झाला, लॉट कोणता ते माहीत नाही, उगवण किती ते माहीत नाही, एवढे त्यांनी वाचून दाखवले. बियाण्याची किंमत आणि किरकोळ खर्च मला मिळाला; उत्पन्नाच्या नुकसानीचा भाग त्या कोऱ्या रकान्यावर अडकला. मला राग कंपनीपेक्षा त्या काचेखालच्या अर्जाचा अधिक येतो, आणि अशा टेबलाविषयी नव्या कार्यक्रमात अवाक्षर नाही. जुन्या कार्यक्रमातील वकिलांनी ती पोच पहिल्या मिनिटाला मागितली असती.

म्हणून आपण व्हिडिओपूर्वी हे करावे. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक मिळाल्याशिवाय मूळ प्रत सोडू नये. आढेवेढे घेतले तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा आणि जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयालाही एक प्रत पाठवावी. टपालाची तारीख कोणाला मागेपुढे करता येत नाही. पाकिटावरील लॉट क्रमांक अर्जाच्या मजकुरातच लिहावा. दुबार पेरणी करावीच लागणार असेल तर पहिल्या पेरणीच्या काही ओळी तरी जशाच्या तशा ठेवाव्यात. शेजाऱ्याने त्याच सुमारास दुसऱ्या लॉटचे बियाणे पेरले असेल आणि ते नीट उगवले असेल, तर त्याचीही नोंद पंचनाम्यात करून घ्यावी; ऊन जास्त होते, बी खोल पडले, ओल कमी होती, या कंपनीच्या ठरलेल्या उत्तरांना त्याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, आणि रकाना कोरा असेल तर सहीच्या वर तसे लिहून मगच सही करावी. त्यामुळे साहेब नाराज होतात. होऊ द्यावेत.

येथे कोणीतरी लिहिले आहे की शेतकरी हा ग्राहक धरला जात नाही. ते चूक आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. बियाण्यांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे म्हणून ग्राहक न्यायालयाचा रस्ता बंद होतो, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना मागे ठेवणे त्याच्याकडून अपेक्षित नाही, हेही त्यात आले आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला असून त्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे आणि बियाण्यासाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. दुकानातील वस्तूंच्या तक्रारींना तिचा चांगला उपयोग होतो, पण उगवणीच्या प्रकरणात ती पंचनाम्याची जागा घेऊ शकत नाही.

ज्यांनी केळीच्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांविषयी विचारले आहे, त्यांच्यासाठीही अर्ज, पोच आणि पाहणी हा क्रम मला तसाच योग्य वाटतो, मात्र रोपांत विषाणूजन्य रोगाचा संशय असेल तर शेतावरच्या मतापेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. त्याबाबत मला स्वतःला अनुभव नाही. रावेर-यावलकडील मंडळींनी लिहावे.

हे सर्व हाती आल्यावर कार्यक्रमाला व्हिडिओ अवश्य पाठवावा, माझा त्याला विरोध नाही. सोबत पोच दिलेल्या अर्जाची छायाप्रत जोडावी आणि कंपनीबरोबरच त्या कार्यालयालाही फोन लावावा, असे स्पष्ट लिहावे. ते लावतील असे मला वाटत नाही, पण विचारायला हरकत नाही. चित्रीकरणासाठी माणसे आली आणि "दाखवायला हवे" म्हणून पाकीट, टॅग किंवा बिल मागू लागली, तर ते आपल्या हातातच धरून कॅमेऱ्याला दाखवावे. मूळ कागद कोणाच्याही गाडीतून मुंबईला जाऊ देऊ नये.