घर विकायचे आहे, नोकरी नवी आहे आणि पैसे पुरत नाहीत

"मॅडम, यांतले आधी काय करू, एवढेच सांगा." मी समुपदेशक आहे, आणि पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या मांडीवर एक जाड फाइल होती. तिला दुहेरी रबर बँड लावलेला होता आणि पन्नास मिनिटांच्या त्या भेटीत त्यांनी ती एकदाही उघडली नाही. फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि तो थरथरला की बोलता बोलता त्यांचा हात आपोआप तिकडे जात असे. एजंटचा असेल, कार्यालयातला असेल की बँकेचा, हा अंदाज बांधण्यातच त्यांचे निम्मे लक्ष खर्ची पडत होते.

त्यांची हकिगत थोडक्यात अशी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चाळिशी ओलांडल्यावर त्यांची आधीची नोकरी गेली, आठ महिने घरी काढावे लागले, त्या काळात बचत संपत आली आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढली. अखेर नोकरी मिळाली, पण पगार आधीच्या पाऊणपट आणि पहिले सहा महिने प्रोबेशनचे. पतींची नोकरी स्थिर होती, मात्र पगार बेताचा. राहते घर दहा वर्षांपूर्वी दोघांच्या चांगल्या पगारांच्या भरवशावर घेतलेले असल्याने त्याचा हप्ता आता झेपत नव्हता, म्हणून ते विकून लहान घर घ्यायचे ठरले होते. ठरले होते म्हणजे दोघेही तसे म्हणत होते, एवढेच.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा अडकल्या होत्या ते त्यांनी एका दमात सांगितले: "घर विकल्याशिवाय कर्ज फिटणार नाही. घर दाखवायचे तर रजा घ्यावी लागते. रजा घेतल्या तर नोकरी पक्की होणार नाही. नोकरी पक्की झाल्याशिवाय बँक नव्या घराला कर्ज देणार नाही. आणि नवे घर मिळाल्याशिवाय जुने विकून आम्ही जायचे कुठे?" मी ही पाच वाक्ये एका कागदावर गोलाकार लिहिली आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला सुरुवातच नाही."

माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची काळजी नेमकी याच आकाराची असते, म्हणून ही हकिगत लिहीत आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ४३ जीवनघटनांची एक यादी तयार करून प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला त्यांत १०० गुण आहेत, आर्थिक स्थितीतील बदलाला ३८, वेगळ्या प्रकारच्या कामात जाण्याला ३६ आणि राहते घर बदलण्याला २०. ही यादी मी सहसा कोणाला दाखवत नाही, कारण माणसे बेरीज करून आणखी घाबरतात. शिवाय बेरजेत एक गोष्ट येतच नाही. तिन्ही घटना एकाच वेळी आल्या की त्यांचे ओझे वाढते हे खरे. परंतु एकीचा निर्णय दुसरीवर आणि दुसरीचा तिसरीवर टांगून ठेवला की कोणताच निर्णय होत नाही, आणि माणसाला दमवते ते हे टांगलेपण.

येथे माझी चूक कबूल करायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी त्यांच्या काळजीवर काम केले. दिवसातली ठरावीक अर्धा तास वेळ काळजीसाठी राखून ठेवायची आणि एरवी मनात आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची, अशी एक पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली आणि मी ती वर्षानुवर्षे वापरत आले आहे. बाईंनी ती मन लावून केली, आणि तिसऱ्या भेटीला त्या आधीपेक्षा अधिक ओढलेल्या चेहऱ्याने आल्या. राखून ठेवलेल्या अर्ध्या तासात त्या बसून राहत, पण विचार करायला हातात एकही आकडा नसे. "नुसती भीती घेऊन बसते, मॅडम," त्या म्हणाल्या. तेव्हा माझे लक्ष पुन्हा त्या फाइलकडे गेले. रबर बँड अजून तसाच होता.

फाइलमध्ये बँकेची न उघडलेली पाकिटे होती. त्या पाकीट आले की फाइलमध्ये सरकवत आणि फाइल कपाटात ठेवत. याला आळस किंवा बेजबाबदारपणा म्हणणे सोपे आहे, पण पैशाची चणचण माणसाच्या विचारशक्तीवर काय परिणाम करते याचा अभ्यास झालेला आहे. अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लैनाथन, मानसशास्त्रज्ञ एल्डार शाफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी दोनदा घेतली होती, एकदा तोडणीपूर्वी हात तंग असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर. तीच माणसे तोडणीनंतर स्पष्टपणे सरस ठरली. मी हे बाईंना सांगितले, कारण "माझे डोकेच चालेनासे झाले आहे" हे त्यांचे वाक्य तोवर तीनदा ऐकले होते आणि त्या ते स्वतःवरचा आरोप म्हणून उच्चारत होत्या. चणचणीत डोके जड होते हे कळल्यावर त्यांना थोडे हलके वाटले. तरीही फाइल उघडायची राहिलीच होती.

ती पुढच्या भेटीत उघडली, आणि त्या भेटीला मी त्यांच्या पतींनाही बोलावले होते. पाकिटे एकेक करून फोडायची, रक्कम आणि तारीख एका वहीत लिहायची आणि काहीही बोलायचे नाही, असे मी आधीच ठरवून दिले. बाई रक्कम वाचत होत्या, पती लिहीत होते. सातव्या की आठव्या पाकिटानंतर पतींचे पेन थांबले. मान वर न करता ते म्हणाले, "यात नसलेली एक रक्कम आहे. ती पण लिहू का?" बाईंची नोकरी गेली त्या काळात दोन हप्ते चुकू नयेत म्हणून त्यांनी एका मित्राकडून उसने पैसे घेतले होते आणि ते सांगितले नव्हते. तुला आणखी ताण नको म्हणून, असे ते म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत, आणि मला त्यापेक्षा राग परवडला असता. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे मी ज्या आकड्याला घाबरत होते तो खरा आकडा नव्हताच." त्यानंतर जवळपास पंधरा मिनिटे खोलीत कोणी बोलले नाही. पैशाच्या तंगीत जोडीदारापासून काही लपवणे फार सर्रास आढळते आणि बहुतेक वेळा लपवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. पण लपवलेल्या रकमेपेक्षा तिच्यामुळे चुकलेला हिशेब अधिक महाग पडतो. या दोघांचेच पाहा. मित्राचे पैसे लवकर द्यायचे म्हणून पती घर पटकन विकायला अधीर झाले होते, आणि ही घाई कशाची ते न कळल्याने बाई त्यांच्यावर संशय घेत होत्या की यांना हे घर कधी आवडलेच नव्हते. तीन महिने दोघे घराच्या भावावरून भांडत होते आणि भांडण घराचे नव्हतेच.

त्या दिवशी वहीत दोन आकडे निघाले. पहिला, दोघांच्या पगारांतून सगळे हप्ते आणि घरखर्च वजा केल्यावर दरमहा किती तूट येते. दुसरा, शिल्लक बचतीतून ही तूट किती महिने भरून काढता येईल. उत्तर निघाले साडेपाच महिने. बाईंच्या मनातला अंदाज "पुढच्या महिन्यात सगळे कोसळणार" असा होता, त्यामुळे साडेपाच महिने हा आकडा त्यांनी दोनदा पुन्हा मोजून पाहिला.

आधी काय करायचे, या त्यांच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर तेव्हा तयार झाले, आणि आता मी ते बहुतेकांना देते: आधी हिशेब, कारण नोकरी आणि घर या दोन्ही प्रश्नांना मुदत त्यातूनच मिळते. साडेपाच महिने कळले की घर आजच विकले पाहिजे ही घालमेल थांबते, आणि कधीतरी विकू हा दिलासाही टिकत नाही. मधली एक तारीख ठरवता येते. त्यांनी चौथ्या महिन्याचा शेवट ठरवला, कारण व्यवहार ठरल्यापासून पैसे हाती येईपर्यंतही काही आठवडे जातात. बँकेकडे हप्ता थकण्यापूर्वी जाऊन कर्जाची मुदत वाढवून मिळेल का ते विचारायचे, असेही ठरले. थकल्यानंतर गेलेल्या कर्जदारापेक्षा आधी गेलेल्याचे बोलणे बरे होते. याबाबतचे बारकावे मी सांगितले नाहीत. समुपदेशकाने गुंतवणूक आणि करावर सल्ला देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून त्यांना एका आर्थिक सल्लागाराकडे पाठवले. त्याने आणखी एक गाठ सोडवली. जुने विकून लगेच नवे घेण्याचा हट्ट सोडून वर्षभर भाड्याने राहिले तर नव्या कर्जासाठी नोकरी पक्की होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि गोलातले एक वाक्य गळून पडते. हे मला सुचायला हवे होते, पण मी त्या घराच्या भावनिक बाजूतच गुंतले होते.

भावाचा प्रश्न मात्र उरला. दोन वर्षांपूर्वी शेजारचे तसेच घर ज्या किमतीला गेले होते, ती किंमत बाईंच्या मनात पक्की बसली होती, आणि तिच्याखालचा प्रत्येक देकार त्यांना अपमान वाटे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये बॉस्टनमधील फ्लॅटविक्रीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात असे दिसले होते की, ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावे लागणार होते त्यांनी मागणी इतरांपेक्षा चढी ठेवली आणि त्यांची घरे बाजारात अधिक काळ पडून राहिली. बाईंना तर खरेदीच्या तुलनेत तोटा होणारही नव्हता. तोटा होता तो कल्पनेतल्या किमतीच्या तुलनेत. मी त्यांना एकच बेरीज-वजाबाकी करायला सांगितली. देकाराच्या रकमेतून उरलेले कर्ज, दलाली, किरकोळ दुरुस्ती आणि सामान हलवण्याचा खर्च वजा करायचा, आणि घर विकायला लागणाऱ्या प्रत्येक जादा महिन्याची तूटही वजा करायची. तीन महिने थांबून मिळणारा जादा भाव त्या तीन महिन्यांच्या तुटीतच बराचसा विरघळतो, हे त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिले. मग दोघांनी मिळून किमान किंमत ठरवली, ती एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवली आणि एजंटला सांगितली नाही.

नोकरीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ते सर्वांत लवकर सुटले. घर दाखवण्याचे काम शनिवार-रविवारी दुपारी आणि एजंटचे सगळे फोन पतींकडे, एवढी वाटणी झाल्यावर कार्यालयातला पालथा फोन आपोआप पर्समध्ये गेला. मला काढून टाकणार आहेत, ही त्यांची खात्री होती; तिचा आधार म्हणजे चुकीच्या माणसाला गेलेला एक ईमेल. वरिष्ठांना सरळ विचारा, असे मी सुचवले. विचारल्यावर उत्तर आले की काम नीट आहे, वेग वाढायला हवा. काही फार उत्साहाचे उत्तर नव्हते, पण त्यावर काम करता येत होते.

झोपेचे मात्र अजून पूर्ण जमलेले नाही. रात्री दोनला जाग येऊन डोक्यात यादी सुरू व्हायची. अपुरी राहिलेली कामे मनात घुसत राहतात, पण ती केव्हा आणि कशी करायची याची ठोस योजना केली की ती घुसखोरी थांबते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसले होते. त्याच्या आधाराने मी झोपण्यापूर्वी वहीत उद्याची तीनच कामे वेळेसह लिहायला सांगितली. "बँकेचे बघणे" असे लिहायचे नाही, "साडेबाराला बँकेत फोन" असे लिहायचे. आता जाग आठवड्यातून दोन-तीनदा येते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले असतील, तर वही बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे, हे मी त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगितले होते.

घर अजून विकले गेलेले नाही. चिठ्ठीवरच्या आकड्याला थोडक्यात न पोहोचलेला एक देकार त्यांनी नाकारला आणि तो नाकारताना दोघांचे एकमत होते. ठरलेल्या तारखेला अजून पाच आठवडे आहेत आणि त्या दिवशी मागणीची किंमत किती खाली आणायची तेही वहीत लिहिलेले आहे. बाई आता महिन्यातून एकदा येतात. गेल्या वेळी त्या जवळपास पूर्ण वेळ कार्यालयातल्या एका नव्या जबाबदारीविषयी बोलल्या, आणि घराचा विषय निघाला तो निघताना, दाराशी चपला घालताना.