पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर छायाचित्र-कलाकृती कॅमेऱ्याशिवाय करता येईल का?

पक्ष्यांच्या उत्क्रांतीवर छायाचित्रांची मालिका करायची आहे, पण चांगला कॅमेरा नाही आणि जीवाश्मही जवळपास पाहायला मिळत नाहीत, तेव्हा सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्याचा, अशी एक मालिका स्वतः केलेली असल्यामुळे सांगू शकतो की कॅमेरा आणि जीवाश्म या दोन्हींवाचून काम भागते. कोंबडीची पिसे मात्र हवीत.

अजिंक्यताऱ्याचा काळा खडक हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात पिसाचा ठसा टिकणे शक्य नव्हते. तरीही त्याच सुमारास डायनोसॉरांचा अंत झाला आणि त्यांची पक्षी ही एकच शाखा उरली, म्हणून मी त्या खडकाच्या पृष्ठभागाचा पेन्सिलने कागदावर उतरवलेला ठसा मालिकेच्या आरंभी ठेवला. पिसांचे ठसे सापडले ते जर्मनीतील झोल्नहोफेनच्या चुनखडकात. शिळाछापासाठी नावाजलेल्या या दगडात १८६१ मध्ये आधी एक सुटे पीस आणि त्याच वर्षी आर्किऑप्टेरिक्स या पिसे असलेल्या प्राचीन प्राण्याचा सांगाडा मिळाला. वय सुमारे १५ कोटी वर्षे. ज्या दगडावरून माणूस पोथ्या छापत होता, त्याच दगडावर निसर्गाने पीस छापून ठेवले होते. ते सुटे पीस तर दगड दुभंगल्यामुळे दोन्ही पृष्ठांवर, समोरासमोर उमटलेले आहे. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह यांची याहून चांगली जोडी मला ठाऊक नाही.

म्हणूनच मी सायनोटाइप ही, कॅमेऱ्याशिवाय उन्हाने कागदावर वस्तूचा निळा-पांढरा ठसा उमटवण्याची पद्धत निवडली. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे ठसे तिने काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण मंद उजेडात कागदावर लावावे, कागद वाळल्यावर त्यावर पीस ठेवून काच दाबावी आणि उन्हात न्यावे. एप्रिलच्या दुपारी मला आठ-दहा मिनिटे पुरली. पांढऱ्या पिसातून थोडा प्रकाश झिरपतो, त्यामुळे दांडा शुभ्र राहतो आणि पाती फिकट निळी उमटतात. काच ठेवण्याआधी वाऱ्याची झुळूक आली, तर मऊ लव अंगणभर होते, हे मी सोसलेले आहे.

आता मांडणीविषयी, कारण बहुतेक कलाकृती येथेच फसतात. सरड्यासारखा प्राणी, मग आर्किऑप्टेरिक्स, मग कबुतर अशी रांग कृपया मांडू नका. उत्क्रांती ही फांद्या फुटलेली गोष्ट आहे आणि आर्किऑप्टेरिक्स हा आजच्या पक्ष्यांचा थेट पूर्वज होता असे म्हणता येत नाही. मी रांगेऐवजी एकच प्रश्न धरला: उडण्याआधी पिसे कशासाठी होती? चीनमध्ये १९९६ मध्ये जगासमोर आलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनोसॉरच्या अंगावर केसांसारखे साधे तंतू होते. त्यांनी उडणे शक्यच नव्हते, ऊब किंवा प्रदर्शन हाच उपयोग संभवतो. म्हणून एका कागदावर कोंबडीच्या पोटाची लव, दुसऱ्यावर दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पाती असलेले अंगावरचे पीस आणि तिसऱ्यावर पंखाचे पीस, ज्याचे पुढचे पाते अरुंद व मागचे रुंद असते. अशी असमान पाती आर्किऑप्टेरिक्सच्या पंखातही आहेत. तिन्ही पिसे आजच्या एकाच कोंबडीची आहेत, हे प्रेक्षकाला स्पष्ट लिहून सांगावे, नाहीतर चित्र सुंदर होऊनही खोटे बोलेल.

पिसे चिकनच्या दुकानातून आणून साबणाने धुऊन घ्यावीत. रानपक्ष्यांची गोळा करू नका, कारण तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आड येतो. चौथा कागद करायचा असल्यास पंख उकळून त्याची हाडे मोकळी करा. पंखात दडलेली तीन बोटे तेथे दिसतात आणि माझ्या मते मालिकेतील सर्वांत बोलका ठसा तोच ठरतो.

उन्हातून आणलेला कागद पाण्याने धुवावा लागतो, त्या पाण्याकडेही लक्ष द्या. आमच्या बोअरच्या जड पाण्याने माझे पहिले चार कागद फिके पडले. नंतर पाण्यात थोडे लिंबू पिळू लागलो, तेव्हा निळा रंग टिकला.