ओंडका आत कुठून येणार?

प्रश्न : घरामागे आमची छोटी सॉमिल आहे. परवाना वडिलांच्या काळचा, आता रीतसर माझ्या नावावर झालेला. यंत्र आडव्या बँडसॉचं आहे : ओंडका जागेवर राहतो आणि पात्याचं डोकं रुळावरून पुढे-मागे सरकतं. रूळ वीस फूट, ओंडका जास्तीत जास्त तेरा फुटांचा. जुनी शेड 3 जून 2020 ला निसर्ग वादळात उडाली, तेव्हापासून ताडपत्रीवर भागवतोय. आता वीस बाय बाराची, सहा खांबांची, दोन पाखांची (दोन्हीकडे उतार असलेली) शेड काढायची आहे. तीन बाजूंना भिंती, वर पत्रा. खांब आमच्याच ऐनाचे आणि जुन्या पद्धतीने तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभे करावेत, असं वडिलांचं म्हणणं. नकाशा सोबत जोडला आहे. काही चुकतंय का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : वहीच्या कागदावरचा नकाशा बघितला. मापं घातली आहेत, उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढलाय. सगळं आहे, फक्त ओंडका नाही. तो आत कुठून येणार, हे कागदावर कुठेच दिसत नाही.

हसत नाहीये मी. चिपळूणजवळ 1987 साली मी पहिली शेड घातली, तेव्हा माझ्याही नकाशात तो नव्हता. दर दहा फुटांवर खांब, अगदी ओळीत, बघणाऱ्याने वा म्हणावं असे. पहिलाच ओंडका आला तो तेरा फुटी फणसाचा. दहा फुटांच्या गाळ्यातून तेरा फुटांचं लाकूड आडवं कसं घेणार? शेवटी शेडच्या टोकाकडून, पाइपांवरून लोळवत आत आणलं. चार माणसं, दीड तास. पुढे तिसऱ्या आठवड्यात एक ओंडका पहारेवरून सुटला आणि थेट मधल्या खांबावर गेला. खांब कोपरात दुमडल्यासारखा वाकला, वरच्या पत्र्याला पोक आलं. वडील एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी त्या वाकलेल्या खांबाला सदरा अडकवून विहिरीवर हातपाय धुवायला गेले. पुढची दोन वर्षं, खांब बदलेपर्यंत, त्यांचा सदरा रोज तिथेच असायचा.

ओंडका म्हणजे किती वजन, ते एकदा मांडून बघा. बारा फूट लांब, दोन फूट जाड, ओला आंबा : साधारण अडतीस घनफूट लाकूड, म्हणजे टनभर ओझं. ते गोल असतं आणि त्याला ब्रेक नसतो. म्हणून ज्या बाजूने ओंडका येणार ती लांबीची बाजू पूर्ण मोकळी हवी. मधे एकही खांब नको.

तर खांब सहा नकोत, पाच घ्या. खांबांची चौकट बावीस बाय चौदा फूट ठेवा; वीस फुटी रुळाच्या दोन्ही टोकांना माणूस उभा राहायला जागा लागते आणि बारा फुटी रुंदीत ओंडक्यांचा ओटा, यंत्र आणि चालवणारा असे तिघे मावत नाहीत. मागच्या बाजूला तीन खांब, पुढे फक्त दोन कोपऱ्यांचे. पुढच्या दोघांवर बावीस फुटांचा, साधारण दीड फूट उंचीचा जाळीदार गर्डर. हा फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. इंजिनीअरकडून अँगलची मापं काढून घ्या. बाकी शेडमध्ये हात आखडा, इथे नको.

दोन पाखं कशाला? एकपाखीच करा. पुढे अकरा फूट, मागे आठ. आता कुठली बाजू पुढे ठेवायची, तर आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. बुटकी पाठ तिकडे करा, उंच तोंड पूर्वेला. तुमच्या नकाशात रस्ताही पूर्वेलाच दिसतोय, म्हणजे ट्रॉलीतला ओंडका उतरवून सरळ ओट्यावर. ओटा म्हणजे फार काही नाही, यंत्राच्या ओंडका ठेवायच्या पातळीला आणलेले दोन जाड लोखंडी आय-बार, शेवटी ओंडका थांबवणारी अडणी लावलेले. अडणी विसरलात तर माझा खांब आठवा.

तीन बाजूंना भिंती मात्र अजिबात नको. तीन बाजू बंद आणि चौथी उघडी म्हणजे वाऱ्यासाठी शिवून ठेवलेली पिशवी. वारा शिरतो, फुगतो आणि छपराला खालून ढकलतो. मला वाटतं तुमची जुनी शेड वरून नाही, खालूनच गेली असणार. पश्चिमेला तेवढी तीन फूट जांभ्याची भिंत, तिच्यावर पत्रा आणि छपराखाली वीतभर फट. दक्षिण-उत्तर मोकळ्या. चार महिने झड आत येईल, तेवढ्यापुरते झाप बांधा आणि वादळाची सूचना आली की सोडून ठेवा.

आता वडिलांचा मुद्दा. तळखड्यावरचा खांब चुकीचा नाही. आपल्या कोकणातली जुनी घरं त्याच्यावरच उभी आहेत. लाकूड मातीला टेकत नाही, बुंधा कोरडा राहतो, वाळवी आली तरी दिसते. पण त्या घरांवर कौलं होती. कौलांचं ओझं चौरस फुटाला साडेतीन-चार किलो, शिवाय वासे, रिपा, आढं. ते वजनच खांबाला दगडावर दाबून धरायचं. पत्रा चौरस फुटाला जेमतेम अर्धा किलो. तुमचं छप्पर पागोळ्यांसकट सव्वीस बाय एकोणीस फूट धरलं, तर सगळे पत्रे मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो. आणि ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस फुटाला सहा किलोच्या वर जातो. एवढ्या छपरावर तो तीन टन होतो. तळखड्यावर नुसता टेकलेला खांब त्याला कशाने अडवणार?

म्हणून पत्र्याच्या शेडला पाया ओझं पेलायला कमी, धरून ठेवायला जास्त लागतो. पाचही खड्डे अडीच फूट लांब, अडीच रुंद, अडीच खोल. एका खड्ड्यात साडेपंधरा घनफूट काँक्रीट, म्हणजे हजार किलोच्या वर. पाच मिळून पाच टन. खाली कातळ लागला तर अडीच फूट खणत बसण्यात अर्थ नाही. ब्रेकरने जमेल तेवढं घ्या आणि कातळात भोकं पाडून सळ्या रोवून घ्या. पुढचे दोन खांब लोखंडी करा. मागचे तीन ऐनाचे खुशाल घ्या, फक्त गाभ्याचे, साल आणि पांढरं लाकूड काढून. काँक्रीटमधून दोन जाड लोखंडी पट्ट्या वर आणायच्या, त्यांच्यामध्ये खांब जमिनीपासून चार बोटं वर धरायचा आणि आरपार बोल्ट मारायचे. खालच्या पोकळीत वडिलांना तळखडा बसवायचा असेल तर बसवू द्या. खांबाचं वरचं टोक तुळईलाही तसंच पट्टीने बांधा. साखळीची एक कडी सुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला नको. कडेच्या रांगांना स्क्रू दाट मारा, कारण वारा आधी कडाच उचलतो, आणि मारताना पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात नाही. रबरी वॉशर दबेल इतपतच आवळा. फिटर लोक जोर दाखवायला तो चुरगाळून टाकतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच थेंब सुरू होतो.

रुळांचा चौथरा खांबांपासून सुटा ठेवा. यंत्राची थरथर शेडला नको आणि शेडचा हेलकावा यंत्राला नको. पातळी पाण्याच्या नळीने, चारही कोपऱ्यांत आणि दर पाच फुटांवर तपासा. मी एकदा घाईत दोन सूत, म्हणजे पाव इंच, सोडलं होतं. फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघायला लागल्या आणि मी महिनाभर पात्यालाच शिव्या देत होतो.

भुसा यंत्र कुठल्या बाजूला फेकतं ते आधी बघा. तिथे बाहेर जायला वाट ठेवा आणि रोजच्या रोज शेडबाहेर काढा. स्टार्टर बंद पेटीत, भुसा उडतो त्याच्या विरुद्ध बाजूला. अर्थिंग नवीन करून घ्या. पाण्याचं पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या. विडी ओढणाऱ्याला रस्त्यावर पाठवा, मग तो कितीही जुना माणूस असो.

चिरलेल्या फळ्या या शेडमध्ये रचू नका. सुरुवातीला एक थप्पी ठेवतो, मग दुसरी, आणि सहा महिन्यांनी यंत्राला जागा राहत नाही. त्यांना वेगळं छप्पर करा, चारही बाजूंनी हवा खेळेल असं, आणि प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक ओळंब्यात. आंब्याला तर एक दिवसही उशीर नको; पावसाळ्यात ओली फळी फळीला चिकटून राहिली की काळी-निळी पडलीच.

कामाआधी एक फेरी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात मारा. परवाना यंत्राइतकाच जागेचाही असतो. तुम्ही यंत्र दहा-बारा हात सरकवताय असं नकाशावरून दिसतं. सर्व्हे नंबर तोच असला तरी नवा आराखडा दाखवून लेखी घ्या. पाये एप्रिलअखेर भरले तर पाणी मारायला पुरेसे दिवस मिळतील आणि मेमध्ये लोखंड उभं राहील. जूनच्या भरवशावर काही ठेवू नका.

प्रश्न : वरच्यासारखंच, पण आमच्याकडे परवाना नाही. पेट्रोलच्या चेनसॉला चौकट लावून फक्त घरापुरत्या फळ्या काढायच्या. त्याला छोटी शेड चालेल ना?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : शेड चालेल, खालचं काम चालणार नाही. वीज असो की इंजिन, यंत्राच्या जोरावर लाकूड चिरायची जागा म्हणजे कायद्याच्या लेखी सॉमिलच. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना गिरण्या बंद करायला लावल्या, तेव्हापासून या बाबतीत वनखातं हलकं घेत नाही. घरापुरतं म्हणताय, पण यंत्र जप्त करताना ते कोणी विचारत नाही. आंबा, ऐन, किंजळ असेल तर झाड तोडायलाच परवानगी लागते, तिला 1964 चा वेगळा कायदा आहे. ती घ्या, ओंडका जवळच्या परवानाधारक गिरणीत न्या, चिरायची मजुरी द्या आणि फळ्या घरी आणा. छोटी शेड त्या फळ्या वाळवायला होईल.