ट्रान्स पात्रावर ब्लॅक कॉमेडी म्हणजे थट्टाच ना? ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’ वाचावी का?

तुम्ही विचारलं की बाहेर बॉम्ब फुटून राहिले, माणसं मरून राहिली अन त्यात मुलगा म्हणून जन्मलेली, बाई म्हणून जगणारी नायिका आपल्याला हसवून राहिली, तर आपण नेमकं कोणाला हसतो? वाचा बिनधास्त. तिच्यावर जोक फार कमी आहेत, बाकी सगळ्यांवर आहेत.

पॅट्रिक मॅककेब या आयरिश लेखकाची ही १९९८ ची कादंबरी, त्या वर्षी बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होती. मॅककेब स्वतः क्लोन्सचा, म्हणजे ब्रिटनमध्ये राहिलेल्या नॉर्दर्न आयर्लंडच्या बॉर्डरला चिकटलेल्या गावचा, अन कादंबरीतलं टायरीलिनही तसलंच गाव. तिथला कॅथलिक फादर अन त्याच्याकडे कामाला आलेली पोरगी, यांचं बाळ म्हणजे पॅट्रिक ब्रेडन. आई लंडनला निघून गेली, बाळ दुसऱ्याच बाईच्या घरी, अन फादर चर्चमध्ये पहिल्यासारखाच. बाळ मोठं होऊन स्वतःला पुसी म्हणवतं, लिपस्टिक लावतं, अन आईला शोधायला लंडन गाठतं. सत्तरचं दशक, तिकडे आयआरएचे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेचे, बॉम्बस्फोट चालू.

आता गंमत बघा. नॉर्दर्न आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडला जोडावं, या भांडणात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, प्रोटेस्टंट अन कॅथलिक या दोन्ही बाजूंचं कशावरच जमत नव्हतं, पण पुसीसारख्यांना गुन्हेगार ठरवायचं म्हटलं की सगळे एका रांगेत. पुरुषांमधले समलिंगी संबंध नॉर्दर्न आयर्लंडमध्ये १९८२ पर्यंत गुन्हा होते, आयर्लंडमध्ये तर १९९३ पर्यंत. इयन पेस्ली या कट्टर प्रोटेस्टंट पुढाऱ्याने कायदा बदलू नये म्हणून १९७७ मध्ये मोहीमच काढली होती, अन कॅथलिक चर्चही याच बाजूला. लेखकाला वेगळा विनोद शोधायची गरजच काय होती सांगा.

लंडनमध्ये पबमध्ये स्फोट होतो अन पोलीस पुसीलाच आत टाकतात, कारण एक तर आयरिश, त्यात बाईच्या कपड्यात, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवून राहिली! हे वाचताना अतिशयोक्ती वाटते पण तेव्हाचं वास्तव याहून वाईट होतं. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमधल्या स्फोटांत २१ लोक गेले, त्यासाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली अन ते निर्दोष होते म्हणून सुटले थेट १९९१ मध्ये.

गावातला तिचा मित्र अर्विन आयआरएत शिरतो अन शेवटी त्यांच्याच हातून मरतो. आपल्याकडे गडचिरोलीच्या बातम्या वाचत मोठं झालेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, रात्री जंगलातून येतात ते विचारतात पोलिसांचा खबऱ्या हायेस का बे, अन सकाळी पोलीस विचारतात रात्री कोणाला जेवू घातलं. पुसीला सगळे हेच विचारतात, तू कोणाकडून? अन ही बया उत्तर देते सिनेमातल्या नट्या, परफ्यूम अन गाण्यांबद्दल. मला तरी यात बावळटपणा दिसत नाही, ती त्यांच्या प्रश्नात पायच ठेवत नाही.

तक्रारी आहेत माझ्या. हे सगळं ती डॉक्टरच्या सांगण्यावरून लिहून राहिली, मानसोपचाराचा भाग म्हणून, त्यामुळे खरं काय घडलं अन तिने मनात काय रचलं हे शेवटपर्यंत धड कळत नाही. मधेमधे तिची लाडीक बडबड कंटाळा आणते. अन दुसरं म्हणजे लेखक स्वतः ट्रान्स नाही, १९९८ चं पुस्तक आहे, तेव्हा ट्रान्स माणसाचं आतलं जगणं समजून घ्यायला म्हणून हे घेऊ नका, त्यासाठी आपल्या मराठीतच लक्ष्मी त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ आहे, ते वाचा.

सिनेमाही आहे, २००५ चा, नील जॉर्डनचा, किलियन मर्फीने जबरदस्त काम केलंय. पण तो पुस्तकापेक्षा बराच गोड अन मायाळू आहे, तिथे तिचं नावही किटन केलं. आधी पुस्तक वाचा, नाहीतर पानापानावर मर्फीचाच चेहरा दिसत राहील अन पुस्तकातली ती जास्त तिखट, जास्त तुटलेली पुसी हातची जाईल. इंग्रजी आयरिश वळणाचं आहे, सुरुवातीची पानं डोकं खातात, तेवढी काढा.